खपलीची राखण

सदलगा,
रविवार, १९ जानेवारी १९४७

चि. ब्राह्मीस आप्पांचे भरभरून आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरी आहोत. माझे गुडघे सोडले तर सगळं जागच्या जागी आहे, आणि तुझ्या आईचा आवाज पूर्वीसारखाच वेशीपर्यंत ऐकू जातो. तुझी खुशाली तू कळवणार नाहीस हे धरूनच लिहितो. दोन वर्षांत माझ्या सात पत्रांना सोलापूरहून तुझं एकच कार्ड आलं, त्यावर पत्ता धरून तेरा शब्द. हे आठवं पत्र. मी चौतीस वर्षं मास्तरकी केली. वर्गातून उत्तर आलं नाही म्हणून फळ्यावरचा प्रश्न मी कधी पुसला नाही, आताही पुसणार नाही.

बातमी अशी की, तांबेरा आला. संक्रांतीच्या आधी चार दिवस ढग राहिले, सकाळी धुकं, आणि दूधगंगेच्या काठचा गहू पानापानांवरून तांबडा व्हायला लागला. शेजारच्या रानाचा भरमू परवा दारात उभा राहिला तेव्हा त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत गेरूत बुडवल्यासारखं झालं होतं. सगळी रोगाची भुकटी. आत ये म्हटलं तर येईना, घरभर सांडेल म्हणून. म्हणाला, "मास्तर, तुमची खपली आंधळी हाय काय हो? एवढा रोग बांधावर येऊन बसलाय, हिला दिसतच न्हाय."

मी काठी टेकत जाऊन बघितलं. बांधाच्या त्या अंगाला भरमूचं सुधारलेलं बी, लाल. या अंगाला आपली खपली, गडद हिरवी, कुसळं ताठ. पानावर कुठं कुठं सुईच्या टोकाएवढा ठिपका, जागीच वाळून गेलेला. रोग आला होता. दार वाजवून गेला होता.

कार्तिकात ते नवं बी वाटणारे साहेब आपल्याही ओसरीवर आले होते. मला म्हणाले, शिकलेले असून असलं मागास बी पेरता, कांडून कांडून बायकांचे हात जातात. मी म्हटलं, हात माझ्या बायकोचे आहेत, तिलाच विचारा. तुझी आई आतून म्हणाली, "सणाला गोडाची हुग्गी करायची तर खपलीचीच. साहेबास्नी सांगा, आमचं हात आमच्यापाशीच हाईत." साहेब चहा न घेता उठले. आता त्यांचं बी पेरलेली माणसं आपल्या दारात येतात आणि पुढच्या सालाला पायलीभर खपली ठेवा म्हणतात. ठेवणार आहे. एक दाणाही मी कुणाच्या सांगण्यावरून टाकणार नाही.

बांधावर उभा होतो आणि तू आठवलीस. आठ वर्षांची, दोन वेण्या, माझ्या पुढं पळत कुसळं मोजणारी. तिसरीच्या पुस्तकातल्या कविता संपल्या की मुलांसाठी मी घरच्या चार ओळी जुळवायचो. त्यातलं खपलीचं गाणं तुला इतकं आवडलं होतं की जेवतानाही म्हणायचीस:

सालीमागुनी साल, आत मी
एकटी, पण भीती नसे;
कडी न दारा, कुत्रे न अंगणी,
राखण माझ्या उरात वसे.

आणि एके दिवशी घास हातात धरून विचारलंस, "उरात म्हणजे कुठं, आप्पा?" कवितेत असं असतं, असं सांगता आलं असतं, पण मी म्हटलं, मोठी हो आणि तूच शोध.

त्या एका प्रश्नामागं तू पुण्याला गेलीस, तिथून बंगलोरच्या प्रयोगशाळेत. तुझी ती पत्रं अजून माझ्या पेटीत आहेत. परदेशात कुणी गव्हाच्या पिठातून एक प्रथिन वेगळं काढलंय, लहानसं, त्याचे चक्क खडे होतात, आणि त्याने खमिरातले जंतू मरतात, असं तू कळवलं होतंस. तुझं म्हणणं, बी ओल्या मातीत पडतं, चहूकडून बुरशी आणि जंतू. पळता येत नाही त्या जिवाने आपली राखण करायची ती असल्या सत्त्वावर. आणि आपल्या खपलीत ते भरपूर असणार. तू घरचं बी मागवलंस. मी दोन शेर पाठवलं. त्यातून काहीच निघालं नाही. खमीर मजेत फेसाळत राहिलं. तुझे साहेब चारचौघांत म्हणाले की, बाईंचं संशोधन वडिलांच्या कवितेवर आधारलेलं दिसतं. तू काम सोडलंस आणि सोलापूरला जाण्याआधी घरी येऊन एकच बोललीस, "आप्पा, तुमच्या गाण्यात काही नव्हतं."

मी सुपारी कातरत होतो. कातरतच राहिलो.

त्या दोन शेरांबद्दल मला काही लिहायचं होतं. पण आई पानावर बोलावते आहे, आणि दिवस मावळायच्या आत आमचं उरकायला हवं. पुढं बघू.

तुझा,
आप्पा


सदलगा,
रविवार, ९ फेब्रुवारी १९४७

चि. ब्राह्मीस आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. "गव्हाबद्दल लिहू नये. माझ्यापुरतं ते प्रकरण संपलं आहे." अक्षर सुरेख आहे. ते मीच वळवलेलं, त्यामुळे मान्य करायला हरकत नाही. बाकी काही मान्य नाही.

गव्हाबद्दल लिहू नको म्हणतेस. बरं, बस्तीबद्दल लिहितो.

गेल्या चतुर्दशीला बस्तीत जिनदेवापुढं शास्त्रवाचन झालं, मग मंडळी ओसरीवर टेकली आणि विषय तांबेऱ्यावर आला. तुझे रायाप्पाकाका होतेच. लहानपणी आम्ही दोघं एका पाटीवर लिहायचो, आणि आता ते पंचांत वडील, मी साधा श्रोता. कुणी म्हणालं, मास्तरांच्या गव्हावर पुण्याई आहे. मी म्हटलं, पुण्याई नव्हे. त्या दाण्याच्या पोटात एक सत्त्व आहे, ते अंगावर आलेल्या बुरशीला मारतं. माझ्या मुलीने हे तीन वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

झालं. रायाप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ती काढली की समजायचं, आता सुनावणी. म्हणाले, "नेमगोंडा, झाड एकेंद्रिय जीव. ते उन्हात उभं राहतं, दुसऱ्याला सावली देतं. त्याच्यावर मारल्याचा आळ घेतोस? पोरगी शिकून काय आणंल ते तू देवाच्या ओसरीवर वाढतोस व्हय?"

एरवी मी गप्प बसलो असतो. तुझ्या आईचं म्हणणं, गप्प बसण्यात माझा हात धरणारा पंचक्रोशीत नाही. पण त्या दिवशी बांध डोळ्यांपुढं होता. मी म्हटलं, आपल्याच शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितलेत. ठरवून केलेली ती संकल्पी. चूल-जातं चालवताना होते ती आरंभी, पोटाच्या उद्योगात होते ती उद्योगी. आणि घरावर चालून आलेल्याला अडवताना होते ती विरोधी, गृहस्थाला तेवढी मोकळीक आहे. माझा गहू गृहस्थ आहे. तो कुणाच्या बांधावर जात नाही. आपल्या दारात उभा राहतो आणि आत येणाऱ्याला आडवा करतो. त्याने दिगंबर मुनी व्हावं असं कुणाला वाटत असेल तर त्याने पुढच्या सालाला तांबेरा खावा.

दोघंतिघं हसले. रायाप्पा हसले नाहीत. उठताना माझ्या कानाशी वाकून एक वाक्य बोलले आणि मी काठी उचलून घरची वाट धरली.

ते वाक्य या पत्रात घालायचं ठरवूनच बसलो होतो. तीनदा टाक बुडवला, तीनदा शाई वाळली. तुझी आई समोर शेंगा फोडते आहे. मघाशी म्हणाली, "लिवा. न्हायतर मी लिवते. मला चारच अक्षरं येतात, पण त्येवढी पुरतात." मी म्हटलं, कुठली चार? ती म्हणाली, "तुमास्नी ठावं हाय."

पोरी, तुझं नाव मी हौसेने ठेवलं होतं. आदिनाथांनी आपल्या लेकीला, ब्राह्मीला, मांडीवर घेऊन पहिली अक्षरं गिरवून दिली, तशी मी तुला दिली. बापाने मुलीच्या हातात जे अक्षर दिलं ते खोटं निघालं तर तिने पुढं काय वाचावं?

एवढंच आज. मी उद्या बेळगावला जातो आहे, टिळकवाडीत मामेभावाकडे उतरेन. सोबत दोन गाठोडी आहेत. भरमू गाडीने चिकोडीरोड स्टेशनापर्यंत सोडतो म्हणाला. कशाला चाललोय ते त्यालाही सांगितलेलं नाही.

तू लिहू नये म्हणालीस. मी लिहिणार आहे.

आप्पा


बेळगाव, टिळकवाडी,
रविवार, २ मार्च १९४७

चि. ब्राह्मी,

आधी ते वाक्य. रायाप्पा म्हणाले होते, "गहू मारतो हे तुला तवाच ठावं हुतं, म्हणूनच ते बी उकडलंस न्हवं?"

होय. तुला पाठवलेलं बी मी उकडलं होतं.

तुझ्या त्या पत्रात होतं की जिवंत दाणे भरडायचे, त्यांचं सत्त्व काढायचं, आणि ते लाखो सूक्ष्म जिवांवर घालून किती मरतात ते मोजायचं. मी ते तीनदा वाचलं. दाणा उगवणारा, म्हणजे सचित्त. मारणारी माझी मुलगी. हे सगळं कुणाच्या पदरात पडणार? रायाप्पांना विचारलं. ते म्हणाले, निदान दाणा तरी अचित्त, निर्जीव करून पाठव, पोरीचं तेवढं पाप कमी. खपलीला भाताच्या साळीसारखंच टरफल असतं. खानापूरकडे साळ उकडतात तसं मी परसात चुलाण पेटवून ते बी हंड्यात घटकाभर उकळलं, चार दिवस उन्हात वाळवलं, पिशवीत भरून तोंड शिवलं. टरफलामुळे वरून काही कळत नव्हतं. तू ते पेरणार नव्हतीस, दळणार होतीस, म्हणून तुलाही कळलं नाही. तुझ्या आईने चुलाण बघितलं होतं. तिने विचारलं, मी म्हटलं, धर्माचं आहे. ती तीन वर्षं या शब्दावर गप्प बसली. तिची ती चार अक्षरं म्हणजे "उकडलं".

दूध तापवलं की त्यावर साय धरते आणि पुन्हा पातळ होत नाही, हे मी तिसरीच्या मुलांना शिकवत होतो. प्रथिन तापवल्याने बदलतं, हे तू मला लिहिलं होतंस. दोन्ही माझ्या डोक्यात होतं, आणि तरी ती दोन वाक्यं मी एकमेकांशेजारी ठेवली नाहीत. तू घरी येऊन "गाण्यात काही नव्हतं" म्हणालीस तेव्हा ती आपण होऊन शेजारी आली. मी तेव्हा बोललो असतो तर तू दुसऱ्या दिवशी नवं बी घेऊन गेली असतीस. मी सुपारी कातरली.

आता बेळगावचं ऐक.

उकडलेल्यातलं शेरभर बी घरी मडक्यात राहिलं होतं. ना खाल्लं, ना टाकलं. ते एका गाठोड्यात बांधलं, दुसऱ्यात गेल्या सुगीचं न उकडलेलं. कॅम्पात इनास म्हणून एक गोव्याकडचा पाववाला आहे, शिंदीच्या गाळावर खमीर धरतो. आयुष्यात मी त्या वासाच्या शंभर पावलांत गेलो नव्हतो. सरळ भट्टीत शिरलो. इनास म्हणाला, "मास्तर, तुमी पाव खाणार न्हाय, मग हांगा भट्टीत काय धर्म सांगूक आले?" मी म्हटलं, खमीर मारायला आलोय. त्याला वाटलं, म्हातारा उन्हाने फिरला. त्याने मला स्टूल दिलं आणि पाणी दिलं. पाणी गाळलेलं नव्हतं म्हणून प्यायलो नाही, स्टूल घेतलं.

चिनी मातीचे तीन वाडगे. तिन्हींत तिथल्याच विहिरीचं गूळपाणी आणि चमचाभर खमीर. पहिल्यात न उकडलेल्या खपलीचं पीठ भिजवून गाळलेलं पाणी, दुसऱ्यात उकडलेल्याचं तसंच, तिसऱ्यात पीठ काहीच नाही. तुलनेला एक मोकळं ठेवावं, हे तुझ्याच जुन्या पत्रात वाचलेलं.

दुपारपर्यंत तिन्ही वाडगे फेसाळले. सारखेच.

आणि ब्राह्मी, मला हायसं वाटलं. हे मी लिहिणार नव्हतो, पण हेच लिहायला हवं. खपलीत काही नसेल तर माझ्या उकडण्याने तुझं काही गेलं नाही. मी सुटलो. मी त्या स्टुलावर बसून सुटकेचा श्वास टाकला, तुझा सगळा शोध खोटा ठरतोय या आनंदात. मग माझंच मला कळलं आणि मान वर होईना.

इनास वाडग्यांकडे बघत उभा होता. त्याला आता माझ्यापेक्षा जास्त गोडी लागली होती. म्हणाला, खमिराचा काय भरवसा, काही पिठांत ते रुसतं, पण आम्ही मीठ घालतो म्हणून चालून जातं. आणि इथल्या विहिरीचं पाणी तर मुळातच खारं. मी विचारलं, खाऱ्या पाण्यात खमीर रुसत नाही? "न्हाय तर. खारं पाणी म्हणजे त्येचा वकील," म्हणाला.

तू नुसतं पाणी वापरलं नव्हतंस. वाफ धरून थंड केलेलं, ज्यात कसलाही क्षार नाही असं, हे मला तेव्हा आठवलं. असलं पाणी बेळगावात कुठं मिळणार? इनासनेच तोड काढली. रस्त्यापलीकडे मोटारी दुरुस्त करणारा मष्णू आहे, बॅटरीत तो तसलंच पाणी भरतो. त्याच्याकडून बाटली आणली. मष्णूने विचारलं, मोटार कुठली? इनास म्हणाला, सदलग्याची, लई जुनी, पण अजून चालते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन वाडगे, या पाण्यात. दुपारी तिसरा फेसाळला. दुसरा, उकडलेल्याचा, तोही काठापर्यंत आला. पहिला तसाच. मी चमच्याने ढवळला. इनासने नाक लावून वास घेतला. पाच-सहा बुडबुडे आले आणि फुटले, मग नुसतं गढूळ पाणी. इनासने छातीवर क्रूस केला आणि म्हणाला, "मेलं, मास्तर."

मी तो वाडगा दोन्ही हातांत धरून बसलो. त्यातले जीव मी मारले होते, जाणूनबुजून, मोजून. ही विरोधी हिंसा नव्हे, संकल्पीच. शास्त्राशी मी लबाडी करणार नाही. तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून मी जे पाप उकडून काढायला निघालो होतो, ते आता माझ्या नावावर आहे आणि माझ्याच नावावर राहू दे. रायाप्पांना कार्ड टाकून कळवलंय. पंचांनी प्रायश्चित्त सांगितलं तर उपास करीन. पण केलं ते चुकलं, असं त्यांनी वदवून घ्यायचं म्हटलं तर ते होणार नाही.

नंतर त्याच पाण्याने आम्ही आणखी तीनदा करून बघितलं. एकदा चिमूटभर मीठ घातलं, तर पहिल्या वाडग्यातलं खमीरही तगलं. मीठ मध्ये आलं की ती राखण ढिली पडते असं दिसतं. का पडते, ते मला ठाऊक नाही. मला तेवढं गणित येत नाही.

तुझ्या बंगलोरच्या साहेबांनाही मी इंग्रजीत पत्र टाकलंय. इंग्रजी मामेभावाने तपासलं, फक्त एका ठिकाणी त्याने शब्द मऊ केला, तो मी पुन्हा कडक केला. त्यात आहे ते असं: नमुना खराब होता, तो मी खराब केला, माझ्या मुलीची रीत बिनचूक होती, आणि तुम्ही ज्या कवितेला हसलात ती माझी आहे, तिचा अर्थ आता कॅम्पातल्या पावाच्या भट्टीत येऊन बघता येईल. खाली माझी सही. साक्षीला इनासची सही आणि मष्णूचा अंगठा.

माझ्याशी भांड. हवं तितकं भांड, इथं ये आणि तोंडावर भांड, नाहीतर आणखी दोन वर्षं कार्डं टाकू नकोस. क्षमा कर असं मी लिहिणार नाही. चूक माझी आणि विसरायचं काम तुझं, हा कुठला न्याय? पण "ते प्रकरण संपलं" हे मी ऐकून घेणार नाही. ते सुरूच झालेलं नव्हतं. तू उकडलेल्या दाण्याला प्रश्न विचारलास, त्याने उत्तर दिलं नाही. जिवंत दाण्याला अजून तू विचारलेलंच नाहीस.

आठ वर्षांची असताना घास हातात धरून तू मला विचारलं होतंस, उरात म्हणजे कुठं. तुझ्या बापाला अडुसष्टाव्या वर्षी एवढं सांगता येतं: पिठात आहे. निर्मळ पाण्यात उतरतं. मिठाने दबतं. उकडलं की जातं. पुढचं तुझं.

या पत्रासोबत रेल्वे पार्सलाने दोन शेर खपली निघाली आहे, कोरडी ठेव. तुझी आई पिशवी घेऊन कालच इथं आली, माझ्यावर विश्वास नाही म्हणून. दाणे तिने निवडले, तोंड तिने शिवलं, आणि त्यातले दहा तिने ओल्या फडक्यात घालून बघितले. दहाच्या दहा उगवले. वरच्या चिठ्ठीवर अक्षर मात्र माझं आहे, एकच शब्द: सचित्त.

बी उकडणारा तुझा बाप,
नेमगोंडा